जगातलं पहिलं इंजिन 'रॉकेट' नव्हतं. मग त्याचं एवढं काय?

फाटकवाला

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या घरी छोटं महाभारत झालं. कन्या सातवीत आहे. शाळेच्या सामान्यज्ञान चाचणीत प्रश्न होता, 'जगातील पहिल्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचे नाव व निर्माता लिहा.' पोरीने बापावर विश्वास ठेवून लिहिलं, 'पेनिडॅरनचे इंजिन, रिचर्ड ट्रेविथिक, १८०४.' लाल फुली! बाईंचं उत्तर, 'रॉकेट, जॉर्ज स्टीफन्सन.' आता पोरगी माझ्याशी बोलत नाही आणि बायको म्हणते, 'तरी सांगत होते, गाइडमधलंच लिहायला सांगा.'

तर आधी स्वतःची बाजू मांडतो.

२१ फेब्रुवारी १८०४. साऊथ वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळ पेनिडॅरन नावाचा लोखंडाचा कारखाना होता. तिथून ट्रेविथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड, ५ वाघिणी आणि वर ७० माणसं सुमारे साडेनऊ-दहा मैल ओढत नेली. चार तासांच्या वर वेळ लागला, कारण वाटेत झाडं तोडायची होती, दगड बाजूला करायचे होते. हे सगळं पैजेपायी. कारखान्याच्या मालकाने ५०० गिनींची पैज लावली होती. पैज जिंकली, पण इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तडातड मोडले. ते इंजिन पुढे रुळांवर नियमित चाललंच नाही.

१८१२ साली लीड्सला मॅथ्यू मरेचं 'सालामांका' आलं, दातेरी रुळावर दातेरी चाक. मग वायलमला 'पफिंग बिली', १८१३-१४. ते आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. वायलम हे जॉर्ज स्टीफन्सनचं जन्मगाव, आणि ज्या घरात तो १७८१ साली जन्मला ते घर 'पफिंग बिली' धावायचं त्याच वाघिणींच्या वाटेला लागून. स्वतः जॉर्जने १८१४ साली किलिंगवर्थच्या खाणीवर 'ब्ल्यूखर' बनवलं. सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर 'लोकोमोशन' धावलं, तेही त्याच्याच कारखान्यातलं.

रॉकेट आलं १८२९ साली. म्हणजे पेनिडॅरननंतर पंचवीस वर्षांनी! स्टीफन्सनचंसुद्धा ते पहिलं नाही. मग प्रत्येक गाइडमध्ये 'पहिलं' म्हणून ते कसं काय बसलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवांतर_अण्णा

प्रकाश टाकायला इंजिनाला पुढे दिवा लागतो, तो रॉकेटला नव्हता.

बाकी बाईंशी भांडू नका. अजून तीन वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत पोरीला.

यंत्रकाका

फाटकवाले, तुमच्या तारखा बरोबर आहेत. पण 'पहिलं कुठलं' हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. चाळीस वर्षं बॉयलर या विषयात घालवली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

घरी तांब्याचा बंब कोणाकोणाच्या होता? मधोमध एक उभी नळी, तिच्यात पेटते कोळसे, भोवती पाणी. नळी तापते, नळीला लागलेलं पाणी तापतं. आंघोळीपुरतं ठीक. रॉकेटच्या आधीची बहुतेक इंजिनं म्हणजे आडवे टाकलेले अवाढव्य बंबच होते. पाण्याच्या पिंपातून आरपार एक जाड नळी, फार तर ती वळवून परत आणलेली. त्यातून मिळणारी वाफ कोळशाच्या वाघिणी बैलगाडीच्या चालीने ओढायला पुरायची. वेग वाढवला की वाफ संपायची. मग थांबा, वाफ धरा, पुन्हा चला.

रॉकेटमध्ये त्या एका जाड नळीच्या जागी तांब्याच्या २५ नळ्या टाकल्या, प्रत्येकी ३ इंच व्यासाची. फरक किती पडतो ते स्वतः मोजून बघा. ३ इंची २५ नळ्यांचं एकूण तोंड आणि १५ इंची एका नळीचं तोंड अगदी सारखं. म्हणजे धूर जायला वाट तेवढीच. पण पाण्याला टेकणारा पृष्ठभाग पाचपट! बॉयलरची लांबी ६ फूट धरली तर एका नळीचे साडेतेवीस चौरस फूट, पंचवीस नळ्यांचे जवळपास ११८. पोरीला हे गणित घालाच, सातवीत वर्तुळाचा परीघ आहे.

दुसरी गोष्ट, भट्टी वेगळी काढली. बॉयलरच्या मागे स्वतंत्र खोका, त्याच्याही भिंतींत पाणी खेळवलेलं.

तिसरी माझी सगळ्यात आवडती. चुलीला फुंकणी लागते ना? इथे सिलिंडरमधून (जिथे वाफ दट्ट्या ढकलून चाक फिरवते) काम करून बाहेर पडलेली वाफ अरुंद तोंडाच्या नळीतून धुराड्यात वर सोडली. ती जोरात वर जाताना नळ्यांमधला धूर आपल्यासोबत ओढते, मग भट्टीत खालून ताजी हवा घुसते आणि आग भडकते. गाडी जितकी जोरात, तितकी वाफ जास्त, तितकी ओढ जास्त, तितकी आग जास्त. इंजिन स्वतःच स्वतःची फुंकणी. धुराड्यात वाफ सोडणं ट्रेविथिकनेही केलं होतं, आणि ते श्रेय कोणाचं यावर इंग्रज लोक अजूनही तावातावाने भांडतात. पण अनेक नळ्या, वेगळी भट्टी आणि ही फुंकणी, तिघांची मोट रॉकेटमध्ये बांधली गेली, आणि पुढे वाफेचं इंजिन जगलं तोवर सुटली नाही. चित्तरंजनला १९७० साली ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनलं, 'अंतिम सितारा'. त्याचं पोट उघडून बघितलं तरी मांडणी हीच.

कोळसेवाल्याची नात

यंत्रकाका, बंबाचं उदाहरण वाचून टाळ्या वाजवल्या!

माझे आजोबा भुसावळला फायरमन होते, नंतर ड्रायव्हर झाले. त्यांचं म्हणणं असायचं की इंजिन ड्रायव्हर चालवतो हा पब्लिकचा गैरसमज, इंजिन आवाज चालवतो. चढावर धुराड्याचा ठोका जड झाला की ते न सांगता फावडं उचलायचे. कोळसा मधोमध ढीग करून टाकायचा नाही, कडेकडेने आणि कोपऱ्यांत पातळ पसरायचा. मध्ये ढीग झाला की कडेला ठोक्यासरशी आगीला भोक पडतं आणि थंड हवा आत घुसते. हे ते आम्हाला जेवताना पानात भात पसरून दाखवायचे आणि आजी ओरडायची.

तो ठोका म्हणजेच तुमची फुंकणी ना? आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो?

यंत्रकाका

अगदी तोच, नातबाई. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. रॉकेटचं मोठं चाक ४ फूट साडेआठ इंच व्यासाचं. ताशी १२ मैलांनी धावताना सेकंदाला पावणेपाच फुत्कार येतात. ३० मैलांना बारा, म्हणजे कानाला सलग घरघरच. झुकझुक ही गाडी सुटतानाची किंवा चढावरची.

शंकासुर

काका, तांत्रिक बाजू मान्य. पण रेनहिलच्या स्पर्धेबद्दल कोणीच कसं बोलत नाही? रॉकेटचं नाव झालं ते तिथे, आणि तो सगळा मामला मला तरी घरचा वाटतो.

लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग बांधून होत आला होता, पण त्यावर गाड्या कशाने ओढायच्या हेच ठरेना. सल्लागारांनी तर सांगितलं होतं की जागोजागी पक्की, म्हणजे जागेवरून न हलणारी, इंजिनं बसवा आणि दोराने गाड्या ओढा. मग कंपनीने त्याच मार्गावर रेनहिल गावी इंजिनांची स्पर्धा ठेवली आणि ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. आता गंमत बघा. ज्या मार्गासाठी स्पर्धा, त्या मार्गाचा इंजिनिअर कोण? जॉर्ज स्टीफन्सन. रॉकेट बनलं कुठे? त्याचा मुलगा रॉबर्ट चालवत होता त्या न्यूकॅसलच्या कारखान्यात. अनेक नळ्यांची कल्पना सुचवली कोणी? हेन्री बूथने, आणि तो कंपनीचाच खजिनदार! बक्षिसाचे पैसे वाटून घेतले कोणी? याच तिघांनी. आपल्याकडे हे झालं असतं तर चौकशी समिती बसली असती.

वर तिमथी हॅकवर्थच्या 'सां पारेय' या प्रतिस्पर्धी इंजिनाचा सिलिंडर ऐन स्पर्धेत फुटला. तो सिलिंडर ओतला कुठे होता? स्टीफन्सनच्याच कारखान्यात. घ्या!

अवांतर_अण्णा

सां पारेय वाचून मला परळ वर्कशॉपच आठवलं.

फाटकवाला

शंकासुर, नातीगोती खरीच. पण परीक्षक तिघे होते, रॅस्ट्रिक, निकोलस वुड आणि केनेडी. त्यातला रॅस्ट्रिक तर दोर आणि पक्क्या इंजिनांची शिफारस करणाऱ्यांपैकी! त्याने स्टीफन्सनला झुकतं माप द्यायचं काही कारण नव्हतं. (वुड मात्र जॉर्जचा जुना दोस्त, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही काढालच.)

शिवाय परीक्षा सगळ्यांसमोर झाली. ऑक्टोबर १८२९, ६ तारखेपासून आठवडाभर. दहा हजारांवर लोक जमले होते, बँड होता, बायकांसाठी बसायला मांडव होता. जत्राच म्हणा. अटी छापील. इंजिनाने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओढायचं, ताशी किमान १० मैल, वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर नको, किंमत ५५० पौंडांच्या आत, आणि स्वतःचा धूर स्वतः गिळायचा. या शेवटच्या अटीमुळे दगडी कोळशाऐवजी कोक (भाजून धूर काढून टाकलेला कोळसा) जाळला. अंतर पावणेदोन मैलांचं, तिथेच दहा वेळा जा-ये, म्हणजे ३५ मैल, लिव्हरपूल ते मँचेस्टर एवढं. मग पाणी-कोक भरून पुन्हा तितकंच.

स्पर्धक पाच. त्यातलं 'सायक्लोपेड' म्हणजे फिरत्या पट्ट्यावर घोडा चालवायचा आणि त्याने गाडी ढकलायची.

अवांतर_अण्णा

म्हणजे घाण्याचा बैल, पण सरळ रेषेत.

फाटकवाला

अण्णा 😄. 'पर्सिव्हिअरन्स' येतानाच वाटेत आपटलं, दुरुस्त होऊन ताशी सहा मैलांच्या पुढे गेलं नाही. त्याला २५ पौंडांची खिरापत मिळाली. लोकांचं लाडकं होतं लंडनहून आलेलं 'नॉव्हेल्टी', ब्रेथवेट आणि एरिकसनचं. हलकं, देखणं, पहिल्या दिवशी ताशी २८ मैल पळालं आणि लोक वेडे झाले. पण त्याचा बॉयलर म्हणजे वळणावळणाचं आतडं, भाता लावून हवा मारायची. सांधा फुटला की दुरुस्तीला हातच पोचत नाही. लंडनमध्ये चालवून बघायला रूळच नव्हते, त्यामुळे सगळी चाचणी स्पर्धेतच. सां पारेय वजनात नियमापेक्षा जड भरलं. शिवाय त्याची फुंकणी इतकी जोरकस की न जळलेला कोक धुराड्यातून आकाशात उडत होता.

रॉकेटने मात्र मुकाट्याने सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. १३ टन ओढत सरासरी ताशी १२ मैलांच्या वर, आणि मोकळं सोडलं तेव्हा जवळपास ३०. पूर्ण पेपर सोडवणारा विद्यार्थी एकच निघाला हो.

यंत्रकाका

आणि पेपर नीट वाचणारासुद्धा तोच. स्टीफन्सनच्या आधीच्या खाणीवरच्या इंजिनांची सगळी चाकं जोडलेली असायची, जड ओझं ओढायला पकड हवी म्हणून. रॉबर्टने बघितलं की इथे मार्क वेगाला आहेत, ओझ्याला नाहीत. म्हणून पुढची दोनच चाकं फिरवली, मागची दोन छोटी, नुसती भार वाहायला. वजन सव्वाचार टन. रंगसुद्धा पिवळा दिला, जलद घोडा-बग्ग्यांसारखा, धुराडं पांढरं. दिसायलाच चपळ वाटावं!

एक गोष्ट मात्र श्रेयाच्या बाबतीत. लोक 'जॉर्ज, जॉर्ज' करतात, पण रॉकेट मुख्यतः रॉबर्टचं. वय २५. त्याची आणि बूथची पत्रं वाचली की कारखान्यातला घाम दिसतो. तांब्याच्या २५ नळ्या दोन्ही टोकांच्या पाट्यांत बसवायच्या, गळता कामा नयेत. पाण्याच्या दाबाने चाचणी घेतली तर टोकाची पाटीच फुगून बाहेर आली. मग आतून ताण देणाऱ्या सळ्या घातल्या. ज्यांनी कधी बॉयलरच्या नळ्या बसवल्या आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. फ्रान्समध्ये मार्क सेगँलाही त्याच सुमारास हीच कल्पना सुचली होती. कल्पना सुचणं आणि न गळणारा बॉयलर वेळेत लिव्हरपूलला पोचवणं यात अंतर आहे. न्यूकॅसलहून कार्लाइलपर्यंत सुटे भाग घोडागाड्यांवर, मग कालव्याने, मग बोटीने. इंजिनाला स्वतःच्या जत्रेला जायला घोडे लागले.

मँचेस्टरची माई

धागा आवडला. मी इथे वीस वर्षं आहे, आणि रॉकेट लंडनहून २०१८ मध्ये हलवून आधी न्यूकॅसलला आणि मग आमच्या मँचेस्टरला आलं होतं तेव्हा बघून आले. ज्या म्युझियममध्ये ठेवलं होतं, ते म्हणजे त्याच मार्गाचं १८३० सालचं मूळ स्टेशन! आवारातून पाऊल निघेना.

पण खरं सांगू? पहिली प्रतिक्रिया 'हेच का ते?' अशीच झाली. चित्रात पिवळंधमक असतं, समोर उभा असतो काळपट लोखंडाचा सांगाडा. सिलिंडर चित्रात तिरके उंच, इथे जवळजवळ आडवे. तिथल्या एका आजोबांनी समजावलं. तिरक्या सिलिंडरांनी इंजिन डुलायचं म्हणून वर्षा-दोन वर्षांतच ते खाली आणले. नंतर १८३६ मध्ये हे कंबरलँडकडच्या एका कोळशाच्या मार्गाला विकलं गेलं, तिथे झिजलं, बरेच भाग निघून गेले, आणि १८६२ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दान मिळालं. चित्रातलं पिवळं रॉकेट म्हणजे नंतर बनवलेल्या प्रतिकृती. मी मागे जाऊन वाकून बघितलं, तर भट्टी जागेवर नाहीच, नळ्यांची भोकं तेवढी ओळीने दिसतात. मोजत होते, सतरापर्यंत गेले आणि सुरक्षारक्षकाने हटकलं.

कोळसेवाल्याची नात

माई, उरलेली आठ मोजायला परत जा!

तो मंत्री रॉकेटखाली सापडला होता ना? लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी?

मँचेस्टरची माई

हो, विल्यम हस्किसन. त्या वेळी मंत्री नव्हता, लिव्हरपूलचा खासदार. १५ सप्टेंबर १८३०. पार्कसाइडला गाडी पाणी भरायला थांबली, लोक सूचना धुडकावून खाली उतरले. हस्किसन पंतप्रधान वेलिंग्टनशी हात मिळवायला त्याच्या डब्यापाशी गेला, जुना तंटा मिटवायचा होता म्हणतात. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून रॉकेट आलं. हस्किसनने डब्याचं दार धरलं, दार बाहेर उघडलं, आणि तो थेट इंजिनासमोर लटकला. रॉकेटला ब्रेक नव्हता. पाय चिरडला. जॉर्ज स्टीफन्सनने स्वतः 'नॉर्थम्ब्रियन' इंजिनाने त्याला ताशी ३६ मैलांनी एकल्सला नेलं, तोवर माणूस इतक्या वेगाने क्वचितच गेला असेल. रात्री तो गेला. त्या जागी रुळांच्या कडेला स्मारक आहे, गाडीतून जाताना डोळा मिटायच्या आत निघून जातं.

ठाणेकर

आता आमची पाळी. रेल्वेचा धागा आणि ठाणं नाही असं कसं चालेल?

माईंनी पार्कसाइड म्हटलं. ते न्यूटन-ले-विलोजच्या शेजारी. आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन आलेली तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान, ती बनली कुठे? त्याच न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत. हा कारखाना १८३० सालचा, आणि सुरुवातीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन त्यात भागीदार होता!

अजून पुढे. ही ठाण्याची गाडी ज्या कंपनीची, त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा इंग्लंडमधला सल्लागार इंजिनिअर हाच रॉबर्ट. मुंबईला पाठवलेला मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा रॉबर्टच्या हाताखाली तयार झालेला. बोरघाट ज्याने आखला तो हा बर्कली. घाट १८६३ मध्ये सुरू झाला, त्याच्या आदल्या वर्षीच बिचारा वारला. म्हणजे रेनहिलच्या परीक्षेतला टॉपर आणि आपला खंडाळा, मध्ये फक्त एक शिष्य.

आपल्याकडे तेव्हा लोक तिला 'चाक्या म्हसोबा' म्हणायचे असं सांगतात. मला हे नाव रॉकेटपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

शंकासुर

ठाणेकर, हे माहीत नव्हतं. हरलो.

पण ट्रेविथिकवर अन्याय झालाच. बिचारा १८३३ मध्ये कफल्लक मेला, आणि पोरांच्या गाइडमध्ये नाव स्टीफन्सनचं.

यंत्रकाका

झालाच. पण एक प्रसंग ऐका. १८२७ मध्ये दक्षिण अमेरिकेत, कार्टाहेना बंदरात, खाणींच्या नादात सगळं गमावलेला ट्रेविथिक अडकून पडला होता. तिथे त्याची गाठ पडली घरी परतणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सनशी. रॉबर्टने त्याला इंग्लंडला परतायला ५० पौंड दिले. दोनच वर्षांनी रॉकेट.

आणि ट्रेविथिक हरला तो इंजिनामुळे नाही, रुळांमुळे. बीड ठिसूळ, धक्का बसला की मोडतं. घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटायचं तंत्र १८२० मध्ये बर्किनशॉने काढलं. ते १८०४ मध्ये असतं तर कदाचित हा धागा पेनिडॅरनवर असता.

फाटकवाला

अपडेट. काल पालकसभेत हा धागा छापून नेला (अण्णांचे प्रतिसाद वगळून). बाईंनी शांतपणे वाचला. म्हणाल्या, ट्रेविथिक बरोबर, पण प्रश्नात 'नाव' विचारलं होतं आणि पेनिडॅरन हे गावाचं नाव, इंजिनाचं नाही. अर्धा मार्क दिला.

कन्या अर्ध्या मार्कावर खूश. तिने २५ नळ्यांचं गणितही केलं, उत्तर ११७.७५ आलं. π ३.१४ घेतला होता. काका, बरोबर ना?

यंत्रकाका

पैकीच्या पैकी. त्या काळच्या नोंदींतही हाच आकडा आहे.

अवांतर_अण्णा

म्हणजे माझे प्रतिसाद वगळल्यामुळे अर्धा मार्क गेला.

कोळसेवाल्याची नात

फाटकवाले, लेकीला माझ्याकडून एक पूर्ण मार्क. आजोबांचं फावडं भावाकडे भुसावळला आहे, दिवाळीत गेले की फोटो टाकते. दांडा बदललाय, पातं मात्र तेच आहे, एका बाजूने झिजलेलं. आजोबा डावखुरे होते.